‘नॅचरल’ आणि ‘सनबर्स्ट’ : गिटारच्या दोन झिलयांचा व त्यांच्या नावांचा इतिहास

१

वस्तूंचा इतिहास एकाने लिहावा आणि शब्दांचा इतिहास दुसऱ्याने, अशी वाटणी विद्यापीठीय अभ्यासात आपण करून टाकली आहे. सोयीच्या दृष्टीने ती ठीकच आहे. परंतु काही वस्तू अशा असतात की, त्यांना मिळालेली नावे बाजूस सारली तर त्यांचा इतिहास अर्धाच हाती लागतो. आणि काहींच्या बाबतीत तर नाव हेच अभ्यासकाला आडवाटेला नेते. पोलादी तारांच्या गिटारवर चढविली जाणारी झिलई ही ह्या दुसऱ्या वर्गात मोडते.

ह्या गिटारच्या पुढच्या फळीवर, आपल्याकडील सतारीच्या परिभाषेत बोलावयाचे तर तबलीवर, दोन प्रकारच्या झिलया सर्वत्र आढळतात. पहिलीत स्प्रूस ह्या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाचा फिकट गव्हाळ रंग आणि त्यातील सरळ उभ्या रेषा पारदर्शक थरातून दिसतात. हिला ‘नॅचरल’ म्हणतात. दुसरीत फळीचा मध्यभाग मधाच्या रंगाचा ठेवलेला असतो आणि कडांकडे तो क्रमाक्रमाने तपकिरी, तांबूस किंवा जवळजवळ काळा होत जातो. हिला ‘सनबर्स्ट’ म्हणतात. ढगांतून अकस्मात फाकलेले ऊन, हा त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ होय. वादकांत आणि विक्रेत्यांत ह्या दोहोंविषयी एक मत फार रूढ आहे. नॅचरल ही प्रामाणिक झिलई, कारण ती लाकूड आहे तसे दाखविते. आणि सनबर्स्ट ही झाकपाक करणारी, कारण कडेच्या काळोखात लाकडाचे दोष दडविता येतात, असे ते मत आहे.

हे मत कितपत टिकते, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी अमेरिकेतील दोन प्रसिद्ध घराणी, मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथे सुरू झालेले गिब्सन आणि पेन्सिल्व्हानियातील नॅझरेथ येथील मार्टिन, यांच्या परंपरा शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आहेत. प्रतिपाद्य थोडक्यात असे : दोन्ही झिलया सारख्याच कृत्रिम आहेत, त्यांपैकी सहज कोणती आणि विशेष कोणती, हे लाकडावरून ठरत नाही, ते त्या घराण्याच्या कुळावरून ठरते, आणि हा निर्णय प्रत्येक घराण्याने आपल्या नावांत व किमतींत नकळत नोंदवून ठेवला आहे.

२

प्रथम दोहोंची कृती पाहू. नुसते रंधलेले स्प्रूसचे लाकूड कोणत्याही कारखान्यातून तसेच बाहेर पडत नाही. हाताचा घाम, हवेतील दमटपणा आणि धूळ यांनी ते लवकरच मळते व काळवंडते. म्हणून नॅचरल म्हटल्या जाणाऱ्या फळीवरही पारदर्शक द्रव्याचे अनेक थर चढवून, मध्ये मध्ये घासून, शेवटी चकाकी आणावी लागते. सनबर्स्टमध्ये ह्या थरांखाली किंवा थरांमध्ये रंगाची आणखी एक पायरी येते, एवढाच फरक. ती पायरी दोन रीतींनी पार पाडली जाते. जुन्या रीतीत कारागीर रंगद्रव्य फडक्याने लाकडातच चोळून मुरवितो आणि छटा हाताने एकमेकींत मिसळतो. नव्या रीतीत रंगीत लॅकर फवारणीच्या यंत्राने कडेकडेने मारले जाते, आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर बसलेला रंग नंतर पात्याने खरवडून काढला जातो. पहिल्या रीतीत रंग लाकडात असतो, दुसरीत लाकडाच्या वर. म्हणून जुन्या वाद्यावर ओरखडा पडला असता त्याच्या तळाशी रंगीत लाकूड दिसते की कोरे, ह्यावरून त्याच्या काळाचा पुष्कळदा अंदाज बांधता येतो. वस्तुनिष्ठ पुराव्याचा हा प्रकार हस्तलिखितांच्या अभ्यासकांना परका वाटू नये.

पारदर्शक थराचे द्रव्यही बदलत गेले आहे. एकोणिसाव्या शतकातील गिटारवर बहुधा चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, मद्यार्कात विरघळवून पुरचुंडीने चोळीत असत. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांवर जे चपड्याचे पॉलिश चढते, त्याच जातीचे हे काम होय. आणि त्या काळी जगात वापरल्या जाणाऱ्या लाखेचा मोठा भाग हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून, जात असे. पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९२३-२४ मध्ये डू पाँ कंपनीने ‘ड्यूको’ ह्या नावाने नायट्रोसेल्युलोजचे लॅकर मोटारगाड्यांसाठी बाजारात आणले. ते यंत्राने फवारता येई आणि फार लवकर वाळे. मोटारीला रंग देण्यास जेथे आठवडे लागत तेथे काम तासांवर आले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात गिटारच्या कारखान्यांनीही ह्या द्रव्याचा स्वीकार केला. आज ज्याला जुना अस्सल सनबर्स्ट म्हणून संग्राहक डोक्यावर घेतात, त्यातील फार मोठा भाग अशा रीतीने मोटारगाडीच्या रंगशाळेचा ऋणी आहे.

येथे एका शब्दाचा प्रवास नोंदविण्यासारखा आहे. संस्कृत ‘लाक्षा’ हा शब्द अथर्ववेदाइतका जुना आहे. त्यापासून प्राकृतातून आपले ‘लाख’ आले. तोच शब्द फारसी-अरबीतून पश्चिमेकडे गेला, पोर्तुगीजांच्या तोंडी ‘लाका’ झाला आणि इंग्रजीत ‘शेलॅक’, ‘लॅकर’ आणि चित्रकारांच्या तांबड्या रंगाचे ‘लेक’ हे नाव अशी त्याची संतती पसरली. ज्या नायट्रोसेल्युलोजला आज लॅकर म्हणतात, त्यात लाखेचा अंशही नाही. द्रव्य गेले आणि नाव मागे राहिले. पुढील विवेचनात नावाचे हे स्वातंत्र्य पुनःपुन्हा आढळून येईल.

३

आता सनबर्स्टचे मूळ पाहू. ते गिटारमध्ये सापडत नाही. ते व्हायोलिनमध्ये सापडते.

इटलीतील क्रेमोना येथे सतराव्या-अठराव्या शतकांत आमाती, स्ट्राडिवारी, ग्वार्नेरी ह्या घराण्यांनी जी व्हायोलिने घडविली, ती पुढील पिढ्यांना आदर्शभूत झाली. अंतोनिओ स्ट्राडिवारी १७३७ मध्ये मरण पावला. त्यानंतर शे-दीडशे वर्षांच्या वापरात त्या वाद्यांवरचे तांबूस रोगण झिजले. वादकाची हनुवटी, खांदा आणि हात जेथे लागत तेथून ते उडाले आणि खालचा सोनेरी थर उघडा पडला. कडांच्या वळचणीत मात्र ते मळासह टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकातील लोकांनी क्रेमोनाचे वाद्य पाहिले ते ह्या झिजलेल्या अवस्थेत. पॅरिसचा ख्यातनाम वाद्यकार झाँ-बाप्तिस्त व्हुइयोम (१७९८-१८७५) याने जुन्या वाद्यांच्या ज्या प्रतिकृती केल्या, त्यांत त्याने आकाराबरोबर झीजही उतरविली. सॅक्सनी, बव्हेरिया व लोरेन ह्या प्रदेशांतील कारखान्यांतून नंतर ढिगांनी निघालेल्या स्वस्त व्हायोलिनांवर तीच झीज, मधोमध फिकी व कडेला गडद अशी, ठरावीक सजावट होऊन बसली.

वाद्ये नवी असताना त्यांवर अशी छटा नव्हती, ह्याचा पुरावा उपलब्ध आहे. ‘मेसाया’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेले १७१६ चे स्ट्राडिवारी व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. ते फारसे वाजविले गेलेच नाही. त्याच्या अस्सलपणाविषयी मध्यंतरी वाद झाला. परंतु लाकडातील वार्षिक वलयांच्या परीक्षणाने बहुतेकांचे समाधान झाले आहे. ह्या वाद्याचे रोगण जवळजवळ अखंड असून त्यावर मध्यभागी उजेड आणि कडेला अंधार असा प्रकार नाही. पॅरिसच्या संगीतसंग्रहालयातील पाच स्ट्राडिवारी वाद्यांच्या रोगणाचे रासायनिक विश्लेषण २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यात सांगितले गेले तेही साधेच आहे : खाली सुकणाऱ्या तेलाचा थर आणि वर तेल-राळेच्या मिश्रणात तांबडी रंगद्रव्ये. म्हणजे छटेचा कर्ता स्ट्राडिवारी नव्हे; काळ आणि वादक हे तिचे कर्ते होत.

ही परंपरा गिटारवर आणली ती गिब्सनने. ऑर्व्हिल गिब्सन (१८५६-१९१८) हा कॅलामाझू येथे वाद्ये बनवीत असे. मँडोलिनची व गिटारची फळी सपाट न ठेवता व्हायोलिनप्रमाणे कोरून कमानदार करावी, ही त्याची मुख्य कल्पना होती. १८९८ मध्ये त्याला मँडोलिनच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि १९०२ मध्ये त्याच्या नावाने कंपनी स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच ह्या कंपनीच्या मँडोलिनांवर तांबड्या छटेचे काम दिसू लागते. १९१९ ते १९२४ ह्या काळात लॉइड लोअर हा वादक व संशोधक कंपनीत होता. त्याच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये ‘एफ-५’ मँडोलिन आणि ‘एल-५’ गिटार सिद्ध झाली. ह्या गिटारला व्हायोलिनप्रमाणे कमानदार फळी होती आणि मधल्या गोल छिद्राऐवजी व्हायोलिनचीच ‘एफ’ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे होती. तिच्या तपकिरी छटेच्या झिलईला कंपनीने जे नाव दिले ते सर्व काही सांगून जाते. ते नाव होते ‘क्रेमोना ब्राऊन’.

म्हणजे सनबर्स्ट हा शब्द गिटारवर रुळण्यापूर्वी त्या छटेला तिच्या खऱ्या पूर्वजाचे नाव होते. पुढे इटलीतील गावाचे नाव गळाले आणि सूर्यकिरणांची प्रतिमा आली. दागिने, आरसे, इमारतींची दारे अशा सर्व ठिकाणी सूर्यकिरणांची नक्षी लोकप्रिय असलेल्या त्या काळात हे नवे नाव लोकांच्या जिभेवर सहज बसले. परंतु त्याबरोबर वस्तूची कुळकथाही विसरली गेली. क्रेमोना ब्राऊन म्हणजे ‘जुन्या व्हायोलिनसारखी’. सनबर्स्ट म्हणजे ‘सूर्यासारखी’. पहिले नाव अनुकरणाची कबुली देते, दुसरे देत नाही.

४

मार्टिन घराण्याचे कूळ निराळे. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याचा जन्म १७९६ मध्ये सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खन येथे झाला. हे गाव व्हायोलिनांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र होते. मार्टिनचे कुटुंब मात्र लाकडी सामान बनविणाऱ्या सुतारांच्या श्रेणीत मोडत असे, आणि गिटार बनविण्याचे काम हे सुतारच करीत. ते व्हायोलिनकारांच्या श्रेणीस मान्य नव्हते. वाद्य घडविणे हा आमचा अधिकार, सुतारांचा नव्हे, अशी त्यांची तक्रार होती. १८२६ मध्ये आणि पुन्हा १८३२ मध्ये हा वाद अधिकाऱ्यांपुढे गेला. सुतारांनी आपला हक्क राखला खरा, परंतु ह्या श्रेणीबद्ध व्यवस्थेत आपला निभाव लागणार नाही असे मानून मार्टिनने १८३३ मध्ये न्यूयॉर्क गाठले. काही वर्षांनी तो पेन्सिल्व्हानियात, जर्मन भाषिक मोरेव्हियन लोकांची वस्ती असलेल्या नॅझरेथ येथे स्थायिक झाला. त्याच्या वंशजांचा कारखाना आजही तेथेच आहे.

मार्टिन तरुणपणी व्हिएन्नातील योहान श्टाउफर या गिटारकाराकडे शिकला, असे घराण्याची परंपरा सांगते. आणि त्याची आरंभीची वाद्ये श्टाउफरच्या घाटाची आहेत. ह्या मध्य युरोपीय गिटारची फळी सपाट असे आणि स्प्रूसचा फिकट रंग तिच्यावर उघडा असे. स्पेनमध्ये अंतोनिओ दे तोर्रेस (१८१७-१८९२) याने ज्या गिटारचा साचा घालून दिला तीही तशीच. आणि आजची शास्त्रीय गिटार ह्याच साच्यातून आलेली असल्यामुळे तिच्यावर सनबर्स्ट जवळजवळ कधीच दिसत नाही. लाकूड घासून, तकाकी आणून दाखविणे हे उत्तम सुतारकामाचेही ब्रीद होय. व्हायोलिनकारांच्या श्रेणीशी भांडून निघालेल्या घराण्याने व्हायोलिनचा रंग घेतला नाही, ह्यात फारसे आश्चर्य नाही. ह्या दोन गोष्टींत प्रत्यक्ष कार्यकारणसंबंध होता असे कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु दोन्ही एकाच सामाजिक रचनेच्या खुणा आहेत, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

ह्या अनुमानाला बळकटी देणारी एक घटना पुढे घडली. १९३१ मध्ये मार्टिनने गिब्सनच्या स्पर्धेत कमानदार फळीच्या ‘सी’ मालिकेतील गिटारी बाजारात आणल्या. १९४२ पर्यंत हा प्रयोग चालला. ह्या गिटारींवर मात्र गडद छटा होती. त्याच कारखान्यात, त्याच काळी, सपाट फळी फिकट राहिली आणि फळीला व्हायोलिनची कमान येताच तिच्याबरोबर व्हायोलिनची छटाही आली. रंग हा आकाराचा सहचर होता, ह्याहून स्पष्ट पुरावा मागावयाचा तो कोणता?

५

आता नावांकडे वळू. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्राग येथील मंडळाचा चिन्हिततेचा सिद्धांत परिचित आहे. त्रुबेत्स्कॉयने तो प्रथम ध्वनींसाठी मांडला आणि याकबसनने व्याकरणापर्यंत नेला. विरोधी जोडीतील दोन पदे समान पातळीवर नसतात. एक सहज, गृहीत धरलेले, अचिन्हित असते आणि दुसरे काही विशेष खूण बाळगणारे, चिन्हित असते. ‘शिक्षक’ म्हटले असता पुष्कळदा दोन्ही लिंगांचा बोध होतो, ‘शिक्षिका’ म्हटले असता एकाच. मात्र कोणते पद अचिन्हित, हे त्या त्या व्यवस्थेत ठरते. ते पदाच्या अंगचे गुण पाहून ठरत नाही.

गिब्सनच्या व्यवस्थेत सनबर्स्ट अचिन्हित होता. १९३९ च्या सुमारास एल-५ व ‘सुपर ४००’ ह्या भारी गिटारींना नॅचरल झिलई हा नियमित पर्याय म्हणून मिळू लागला. आणि पुढे असे पर्याय दाखविण्यासाठी मूळ नावापुढे ‘एन’ हे अक्षर जोडण्याचा प्रघात पडला. ‘जे-२००’ म्हणजे सनबर्स्ट. फिकी फळी हवी असल्यास ‘जे-२००एन’. जे ‘नैसर्गिक’ त्यालाच शेपूट लावून वेगळे दाखवावे लागले. ‘जे-४५’ ही सपाट फळीची गिटार १९४२ मध्ये आली. तिच्या नावातील आकडा तिच्या मूळ किमतीचा, पंचेचाळीस डॉलरांचा, निदर्शक होता. तिचीच नॅचरल आवृत्ती युद्धानंतर ‘जे-५०’ ह्या नावाने विकली जाऊ लागली. घडणीत दोघी बहिणी; फरक झिलईचा आणि नावातील पाचाचा.

मार्टिनच्या व्यवस्थेत हे सर्व उलटे होते. ‘डी-१८’ किंवा ‘डी-२८’ म्हटले की फिकट फळी गृहीतच असे. छटा हवी असेल तर ती खास मागणी करून घ्यावी लागे. तिला तेथे ‘शेडेड टॉप’ म्हणत, म्हणजे छायांकित फळी. ह्या शब्दप्रयोगात सूर्य नाही आणि क्रेमोनाही नाही. मूळच्या वस्तूवर कोणी तरी सावली घातली आहे, एवढेच तो सुचवितो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अशा छायांकित मार्टिन गिटारी संख्येने थोड्या असल्यामुळे आज दुर्मिळ समजल्या जातात. अजूनही डी-२८ ला छटा हवी असेल तर नावात ‘सनबर्स्ट’ हा शब्द जोडावा लागतो, आणि किंमतही अधिक पडते.

ह्या दोन घराण्यांच्या किमती शेजारी मांडल्या म्हणजे रूढ समजुतीची पंचाईत होते. गिब्सनकडे नॅचरल महाग, मार्टिनकडे सनबर्स्ट महाग. श्रमाच्या हिशेबाने पाहिले तर छटेची पायरी अधिक असल्यामुळे सनबर्स्ट सर्वत्र महाग असावयास हवा. लाकडाच्या हिशेबाने पाहिले तर नॅचरलसाठी निवडक फळी लागत असल्यामुळे ती सर्वत्र महाग असावयास हवी. दोन्ही हिशेब आपापल्या जागी खरे आहेत. परंतु त्यांपैकी कोणता ग्राहकाच्या पावतीवर उतरावयाचा, हे त्या घरची रीत ठरविते. रीतीबाहेरचे मागणाऱ्याला अधिक द्यावे लागते. चिन्हित पदाचे मोल येथे डॉलरांत मोजले गेले आहे.

‘नॅचरल’ ह्या शब्दाच्या वयाचाही येथे विचार करावयास हवा. जोवर माग एकच होता तोवर त्याला ‘माग’ म्हणत. यंत्रमाग आला तेव्हा जुन्या मागाला ‘हातमाग’ व्हावे लागले. ‘अकूस्टिक गिटार’ हे नावही असेच. विजेवरची गिटार येईपर्यंत कोणत्याही गिटारला तसे म्हणण्याचे कारण नव्हते. नवी वस्तू आली की जुनीला मागाहून विशेषण चिकटते. श्टाउफरच्या किंवा पहिल्या मार्टिनच्या फळीचा रंग कोणाला वेगळा सांगावा लागत नव्हता. तो ‘नॅचरल’ म्हणून ओळखला जाऊ लागला, तो त्याच्या शेजारी सनबर्स्ट येऊन बसल्यावर. वस्तू जुनी, पण तिचे हे नाव प्रतिस्पर्ध्यामुळे मिळालेले. आणि ते नाव साध्या वर्णनाचे नसून स्तुतीचे होते. ‘फिकट’ किंवा ‘रंगहीन’ असे नाव पडले असते तर तिच्या प्रामाणिकपणाची कथा कदाचित रचलीही गेली नसती.

६

सनबर्स्ट दोष झाकतो, ह्या आक्षेपात काहीच तथ्य नाही असे मात्र नाही. शिकागोची हार्मनी कंपनी १८९२ मध्ये स्थापन झाली आणि १९१६ मध्ये टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स, रोबक कंपनीच्या मालकीची झाली. तिच्या व तिच्यासारख्या कारखान्यांच्या स्वस्त गिटारींवर, पुष्कळदा स्प्रूसऐवजी बर्चसारख्या लाकडावर, दाट छटा फवारलेली असे. खुद्द गिब्सनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, चांगल्या रुंद फळ्या मिळेनाशा झाल्यावर, काही जे-४५ गिटारींच्या फळ्या दोनऐवजी चार तुकडे जोडून केल्या. बाहेरचे दोन सांधे कडेच्या गडद भागाकडे येतात आणि सहज नजरेत भरत नाहीत. नॅचरल झिलईत ही सोय नाही. तिच्यासाठी एकसारख्या रंगाची, डाग व गाठी नसलेली फळी निवडावी लागते.

परंतु ह्यावरून सनबर्स्टचा जन्मच झाकण्यासाठी झाला असे ठरत नाही. उपयोग आणि उगम यांची गल्लत इतिहासात नेहमी होते, तशीच ती येथेही झाली आहे. ज्या एल-५ वर ही छटा प्रथम प्रतिष्ठा पावली ती कंपनीची उत्तमोत्तम गिटार होती, आणि १९३४ मध्ये आलेली सुपर ४०० तर तिच्याहूनही भारी. त्यांच्यासाठी लाकूड निवडूनच घेतले जाई. तेथे झाकण्याजोगे काही नव्हते. शिवाय ह्या छटेत फळीचा मध्यभाग, जेथे पाहणाऱ्याची नजर प्रथम जाते, तो उघडाच ठेवलेला असतो. केवळ झाकावयाचे असते तर सरसकट काळा रंग अधिक स्वस्त आणि अधिक खात्रीचा होता. आणि असा रंग दिलेल्या गिटारी मंदीच्या काळात गिब्सनने काढल्याही. अनुक्रम असा दिसतो : प्रथम उच्च परंपरेचे अनुकरण, मग त्या अनुकरणाची स्वस्त नक्कल, आणि मग त्या नकलेवरून मूळ रीतीवर आलेला संशय. प्रतिष्ठित शब्द खालच्या वापरात शिरून घासले जातात, तेव्हा त्यांचीही हीच गत होते.

नादाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. झिलईचा नादावर परिणाम होतो, परंतु तो थराच्या जाडीमुळे आणि कडकपणामुळे. जाड थराने फळीचे वजन वाढते आणि तिची कंपने, विशेषतः वरच्या स्वरांची, लवकर विरतात. रंगाची पातळ छटा ह्या हिशेबात नगण्य आहे. तेव्हा नॅचरल गिटार मोकळी वाजते आणि सनबर्स्ट दबकी, ह्या समजुतीचा पाया वाद्यात नसून तिच्या नावात आहे.

७

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत लोकगीतांची लाट आली आणि ‘नॅचरल’ ह्या शब्दाला नैतिक वजन प्राप्त झाले. बॉब डिलनच्या १९६२ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जी गिटार दिसते ती जे-५०. तिची सनबर्स्ट बहीण तेथे असती तरी गाणी तीच झाली असती, परंतु चित्र तसे वाटले नसते. त्या पिढीला साधेपणा हवा होता, आणि फिकी फळी साधी दिसे.

ह्या ओढीची परिसीमा एका प्रसिद्ध वाद्यात पाहावयास मिळते. जॉन लेनन याच्यापाशी गिब्सनची ‘जे-१६०ई’ ही सनबर्स्ट गिटार होती. १९६७ मध्ये तिच्यावर रंगीबेरंगी चित्रकाम करण्यात आले. पुढे हा रंग आणि त्याखालची मूळची झिलई दोन्ही खरवडून काढली गेली. १९६९ च्या मे-जूनमध्ये माँट्रियल येथे शांततेच्या प्रचारासाठी लेनन व योको ओनो यांनी जो कार्यक्रम केला, त्यात ती फिकट अवस्थेत, दोघांच्या रेखाचित्रांसह, दिसते. पाहणाऱ्याला वाटते की आता खरे वाद्य उघडे पडले. परंतु ह्या जातीच्या गिटारची फळी मुळात थर चिकटवून केलेली, म्हणजे प्लायवुडची, असते. जी ‘नैसर्गिक’ अवस्था येथे पुन्हा मिळविली असे वाटते, ती त्या वाद्याला पूर्वी कधीच नव्हती. ती त्याची तिसरी झिलई होती, आणि पहिल्या दोन्ही नष्ट करून आलेली होती.

हे एकाच वाद्यापुरते असते तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु त्या व पुढच्या दशकात कितीतरी जुन्या सनबर्स्ट गिटारी अशाच खरवडल्या गेल्या. प्रत्येक खरवडीबरोबर रंग हाताने मुरविला होता की फवारला होता, कोणत्या द्रव्याचा थर होता, कोणत्या काळची छटा होती, हा सारा पुरावा भुकटी होऊन गेला. एखाद्या पोथीवरील उत्तरकालीन हस्ताक्षर ‘मूळ’ पाठ मिळविण्यासाठी खोडून टाकावे, तसाच हा प्रकार. एका स्तुतिपर विशेषणावर विश्वास ठेवल्याची ही किंमत आहे.

काळानेही दोन्ही झिलयांवर आपले काम केले आहे. उजेडाने स्प्रूस गडद होतो, नायट्रोसेल्युलोज पिवळे पडते, आणि काही तांबडी रंगद्रव्ये विरून जातात. १९५८ ते १९६० मधील गिब्सनच्या विजेवरच्या ‘लेस पॉल’ गिटारींवरचा तांबडा रंग असा उडाला की, संग्राहकांना त्या अवस्थांसाठी ‘आइस्ड टी’, ‘अनबर्स्ट’ अशी नवी नावे घडवावी लागली. फिकट फळ्याही फिकट राहिल्या नाहीत. जुन्या मार्टिनची फळी आज मधासारखी पिवळसर दिसते. हा रंग लोकांना इतका आवडू लागला की, नव्या ‘नॅचरल’ फळीवर मुद्दाम पिवळी झाक देऊन ती जुनी भासविण्याची रीत पडली. मार्टिनने २०१७ मध्ये नव्याने सादर केलेल्या डी-२८ वरही अशी झाक आहे.

ह्या शेवटच्या गोष्टीने दोन्ही परंपरा एका ठिकाणी येतात. सनबर्स्टने जुन्या व्हायोलिनच्या झिजेचे अनुकरण केले. आजची नॅचरल जुन्या गिटारच्या पिवळेपणाचे अनुकरण करते. एकीने वादकाच्या हातांची खूण रंगविली, दुसरीने उन्हाची. दोघींनाही वय हवे आहे, आणि वय येण्याची वाट पाहण्याइतका वेळ बाजाराजवळ नाही. प्रामाणिक कोणती आणि फसवी कोणती, हा प्रश्न म्हणून येथे लागू पडत नाही. विचारण्याजोगा प्रश्न एवढाच की, ह्या घराण्याने कोणती झिलई न बोलता गृहीत धरली आणि कोणतीसाठी त्याला वेगळा शब्द लागला.

आपल्या अभ्यासविषयांतही ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘मूळ’ अशी विशेषणे पदोपदी भेटतात. भाषेला, पाठाला, गायकीला ती सर्रास लावली जातात. प्रत्येक वेळी ते विशेषण कोणत्या प्रतिस्पर्ध्याच्या आगमनानंतर चिकटले आणि त्यापूर्वी त्या वस्तूला काय म्हणत असत, एवढे तपासून पाहिले तर पुष्कळ वाद आपोआप निवळतील. आणि तोवर हातातील खरवडणीचे पाते बाजूला ठेवणे हेच अभ्यासकाला उचित होय.